जकातीचा नाका आणि सदसद्विवेक

‘कस्टम चुकवणे हे पाप आहे काय?’ हा प्रश्न पापनिवेदनाच्या वेळी आम्हां धर्मगुरूंना क्वचितच विचारला जातो. लग्नाच्या मांडवात, ओटीवरच्या गप्पांत मात्र तो पुष्कळदा निघतो आणि बहुधा हसत हसत निघतो. विचारणाऱ्याला उत्तर नको असते, संमती हवी असते. चोरी म्हणजे शेजाऱ्याचे घर फोडणे, खोटी साक्ष म्हणजे न्यायालयात उभे राहून बोललेले असत्य, एवढे आपण सर्वांनी लहानपणीच्या धर्मशिक्षणात पाठ केलेले आहे. परंतु परदेशाहून आणलेल्या वस्तूंची यादी देताना एखादी ओळ गाळणे, किंवा अडलेले सामान सुटावे म्हणून पाकीट पुढे सरकवणे, हे कोणत्या आज्ञेखाली येते याविषयी आपल्या मनात संदिग्धता आहे. त्या संदिग्धतेचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

हा विषय आपल्या समाजाला परका नाही. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी मुंबईत नोकरी करणारा गोवेकर मे महिन्यात आगगाडीने गावी निघाला की कॅसलरॉक येथे भारतीय आणि कुळें येथे पोर्तुगीज अधिकारी त्याच्या पेट्या उघडून पाहत. एकाच घराच्या दोन खोल्यांमध्ये दोन वेळा झडती व्हावी, तसा तो अनुभव असे. पुढे १९७३ साली तेलाच्या किमती भडकल्या, आखाती देशांत बांधकामे आणि कारखाने उभे राहिले, आणि वसई, मुंबई, गोवा येथील कितीतरी तरुणांनी तिकडची वाट धरली. कोणाचे घर त्या पैशांतून उभे राहिले, कोणाच्या बहिणीचे लग्न झाले, कोणाच्या वाडीतली विहीर बांधून झाली. त्या माणसाच्या बॅगेत टेपरेकॉर्डर असे, आईसाठी ब्लँकेट असे आणि हातात सोन्याची अंगठी असे. त्या वस्तू त्याच्या दृष्टीने आयात केलेला माल नव्हत्या. दूर राहिलेल्या वर्षांचा तो हिशेब होता. सरकारच्या दृष्टीने मात्र तो मालच होता. दोन दृष्टींमधील हे अंतर लक्षात घेतल्याखेरीज परतणाऱ्याचा संताप आपल्याला कळणार नाही.

तो संताप पोकळ नाही, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. अशा एका कुटुंबाची कल्पना करू या. पंधरा वर्षांची नोकरी संपवून नवरा-बायको आणि दोन मुले कायमची परत येत आहेत. फ्रिज, शिलाई मशीन, स्वयंपाकाची भांडी, मुलीची सायकल, पुस्तके असा सारा संसार त्यांनी बोटीने पाठवला आहे. सीमाशुल्काचा कायदा १९६२ सालचा. त्याच्या ७७ व्या कलमाप्रमाणे सामानात काय आहे हे मालकाने स्वतः जाहीर करावयाचे असते. २०१६ च्या बॅगेज नियमांनी दोन वर्षे परदेशी राहून कायमचे परतणाऱ्याला घरगुती सामानासाठी सवलत ठेवली होती. पण तिच्याही अटी होत्या: मधल्या काळात मायदेशी किती महिने राहिलात, सामान आगमनानंतर महिन्याभरात रवाना केले की नाही, कोणती वस्तू कोणत्या यादीत बसते. कागद एका कचेरीत, सामान दुसऱ्या शेडमध्ये. पासपोर्टवरचे शिक्के मोजले जातात. दहा वर्षे वापरलेल्या फ्रिजची पावती मागितली जाते. ती नसली की किंमत अधिकारी ठरवतो. मुदतीत सामान उचलले नाही तर डेमरेज चढू लागते, आणि ज्याच्या हाती काहीच नाही त्याच्याच खिशातून दिवसागणिक पैसे जातात. अशा वेळी कोणीतरी खांद्यावर हात ठेवून सांगतो, ‘साहेब, सरळ मार्गाने महिना लागेल. थोडे खर्च करा, उद्या घरी.’

नियम कधीकधी वस्तुस्थितीच्या किती मागे राहतात याचे उदाहरण सोन्याचे आहे. एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्या पुरुषाला २० ग्रॅम आणि स्त्रीला ४० ग्रॅम दागिने शुल्काविना आणता येतील, असे २०१६ च्या नियमांत म्हटले होते. त्यालाच जोडून किमतीची मर्यादा होती: पुरुषाला ५०,००० रुपये, स्त्रीला १,००,०००. सोन्याचा भाव चढत राहिला, मर्यादा जागच्या जागी राहिली. २०२४ साली भाव ग्रॅमला ७,००० रुपयांच्या वर गेला, तेव्हा वजनाचा नियम वीस ग्रॅम म्हणत होता आणि किमतीचा नियम जेमतेम सात. लग्नात आईने घातलेली साखळी गळ्यात घेऊन येणाऱ्या स्त्रीने यांतला कोणता नियम खरा मानावा? तसेच दूरदर्शन संचाचे. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरत असताना सरकारने सपाट पडद्याचे संच सवलतीतून वगळले आणि त्यांवर अधिभारासह ३६ टक्क्यांहून अधिक शुल्क बसवले. त्यामागे कारण होते, पण तिकीट आधीच काढून संच विकत घेतलेल्या माणसाला ते कारण विमानतळावर उतरल्यावर समजले.

हे सर्व मान्य करूनही प्रश्न उरतोच. जाच होतो म्हणून खोटे बोलण्याची मुभा मिळते काय? आपल्याकडे या बाबतीत तीन समर्थने ऐकू येतात. ती एकसारखी नाहीत, म्हणून त्यांचा वेगवेगळा विचार केला पाहिजे.

पहिले समर्थन असे: ‘पकडलो तर दंड भरतोच ना? मग पाप कसले?’ वाचकांना आश्चर्य वाटेल, परंतु हे मत केवळ ओटीवरचे नाही. त्याला विद्वानांच्या ग्रंथांतही आधार सापडत असे. डॉमिनिकन संघाने १२३६ साली आपल्या घटनेत असे ठरवले होते की संघाचे नियम मोडणाऱ्याला शिक्षा होईल, पण केवळ नियम मोडला म्हणून पाप लागणार नाही. मठातल्या मौनाच्या वा उपासाच्या नियमासाठी ती शहाणपणाची तरतूद होती. पुढे ही कल्पना मठाची भिंत ओलांडून राज्याच्या कायद्यांत शिरली. काही कायदे ‘केवळ दंडात्मक’ असतात, ते मनाला बांधत नाहीत, फक्त दंड सोसण्यास बांधतात, असे म्हटले जाऊ लागले आणि त्या यादीत जकातीचे नाव हटकून येई. फ्रान्सिस्कन पंडित आल्फोन्सो दे कास्त्रो यांनी १५५० साली या मताला विरोध केला. येशूसंघीय सुआरेझ यांनी १६१२ च्या आपल्या ग्रंथात अशा कायद्यांची शक्यता मान्य केली. सेमिनऱ्यांतील नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत विसाव्या शतकापर्यंत हा वाद चालू होता.

आज त्या मताच्या बाजूने बोलणे कठीण आहे. ते जन्मले तेव्हा जकात बहुधा राजाच्या खजिन्यात आणि राजाच्या युद्धांत जाई, तिच्या दरावर प्रजेचे काही चालत नसे. आज त्याच पैशांतून रस्ते होतात, सरकारी रुग्णालयातील खाटा येतात, आणि दर ठरवणारे लोक आपणच निवडून दिलेले असतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगाविषयीच्या आपल्या दस्तऐवजात न्याय्य कर लबाडीने चुकवणाऱ्यांचा स्पष्ट शब्दांत निषेध केला, आणि १९९२ च्या कॅटेकिझमने कर भरणे हे नैतिक कर्तव्य ठरवले. संत पौलाने तर रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात कर आणि जकात ही दोन्ही देणी वेगवेगळी सांगितली आहेत, जणू एकाच्या आडून दुसरे सुटू नये. शिवाय दंड ही वस्तूची किंमत नव्हे. बाजारात आपण पैसे देतो आणि वस्तू आपली होते. दंडाच्या बाबतीत ‘पकडले नाही तर फुकट’ असा व्यवहार कोणताही न्यायी माणूस करत नाही.

दुसरे समर्थन अधिक गंभीर आहे: ‘कायदाच अन्यायाचा असेल तर?’ आपल्या देशात असे कायदे झाले आहेत, हे नाकारता येत नाही. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सामान्य माणसाला शुद्ध सोन्याची लगडी घरात ठेवण्यास बंदी केली, हजारो सोनारांचे हात बांधले, तस्करी मात्र थांबवली नाही. शेवटी १९९० साली तो रद्द झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी परतणाऱ्या भारतीयाला शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोने राजरोस आणता येऊ लागले. १९९१ च्या अर्थसंकल्पात आयातशुल्काची कमाल मर्यादा खाली आणून १५० टक्के केली गेली. खाली आणून १५०! यावरून आधीची स्थिती वाचकांनीच ताडावी. ज्या कायद्याला पुढे सरकारनेच चूक म्हटले, तो मोडणाऱ्याला आपण काय म्हणावे?

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ६ एप्रिल १९३० रोजी दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला तो दिवसाढवळ्या, साऱ्या जगाच्या देखत, आणि त्याची शिक्षाही त्यांनी भोगली. कायदा अन्यायी आहे हे सांगण्यासाठीच तो मोडला होता. बॅगेच्या अस्तरात लगडी शिवणाऱ्याला मात्र कायदा बदलावा असे वाटत नसते. किंबहुना कायदा तसाच राहावा, यातच त्याचा नफा असतो. अन्यायाविरुद्ध उभे राहणे आणि अन्यायाच्या फटीतून आपल्यापुरते निसटणे, यांना एकच नाव देता येणार नाही.

तिसरे समर्थन सर्वांत अवघड, कारण ते प्रामाणिक माणसाचे आहे. तो म्हणतो, ‘मी काही लपवलेले नाही. शुल्क भरायला तयार आहे. जे माझे आहे तेच मला मिळत नाही, म्हणून पैसे द्यावे लागतात. यात माझा दोष काय?’ या माणसाला आणि तस्कराला एका बाकावर बसवणे अन्यायाचे होईल. संत थॉमस अक्विनास यांनी धर्मपदांच्या खरेदी-विक्रीविषयी लिहिताना असाच भेद केला आहे. हक्क प्राप्त होण्यापूर्वी पैसे देऊन वाट मोकळी करणे हे पाप, परंतु हक्क प्राप्त झाल्यावर कोणी अन्यायाने आडवा आला तर त्याला पैसे देऊन दूर करणे निषिद्ध नाही, असे त्यांचे मत आहे. आपल्या काळात अर्थतज्ज्ञ कौशिक बसू यांनी २०११ साली, ते केंद्र सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार असताना, हक्काच्या गोष्टीसाठी नाडल्या गेलेल्या माणसाने दिलेली लाच गुन्हा मानू नये असे सुचवले होते. त्याला निर्भयपणे तक्रार करता यावी, हा त्यामागचा हेतू होता. कायद्याने वेगळी वाट धरली. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हा ठरला. मात्र जबरदस्तीने द्यावी लागलेली लाच सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला त्यातून सूट आहे. म्हणजे नाडलेला आणि नाडणारा यांतील फरक कायद्यालाही ठाऊक आहे. त्याची अट एवढीच की नाडलेल्याने गप्प बसू नये.

आम्हीही नाडलेल्या माणसाला दगड मारणार नाही. कुशीत आजारी मूल आणि शेडमध्ये औषधाची पेटी असेल तर त्या बापाने काय करावे, हे सुरक्षित खुर्चीत बसून सांगणे सोपे असते. परंतु असा प्रसंग शंभरांत किती वेळा येतो? बहुतेक वेळा आपण विकत घेतो ती सुटका नसते, सवड असते. रांगेतली पुढची जागा असते. आणि ती जागा कोणाकडून घेतली जाते? अधिकाऱ्याकडून नव्हे, आपल्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडून.

या प्रश्नाचे मर्म येथेच आहे असे आम्हांस वाटते. के. संथानम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६४ साली भ्रष्टाचारावर अहवाल दिला आणि त्याच वर्षी केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. काम लवकर व्हावे म्हणून दिल्या जाणाऱ्या पैशांची त्या समितीने दखल घेतली होती. पैसे हातात पडेपर्यंत कागद हलवायचाच नाही, अशी सवय काही कर्मचाऱ्यांना जडते, असे तिला आढळले. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात हाच धागा पुढे नेला. लाच म्हणजे यंत्राला घातलेले तेल, असे मानणाऱ्यांना त्यांनी उत्तर दिले की या तेलाने यंत्राची गती वाढत नाही, मंदावते. ते खरेच आहे. ज्या दिवशी विलंबाला किंमत आली त्या दिवशी विलंब हा विकण्याचा माल झाला, आणि माल खपतो म्हटल्यावर तो अधिक पिकवला जाणारच. आपण दिलेल्या पाकिटाने आपली एक पेटी सुटते. पण दुसऱ्या दिवशी येणाऱ्याची पेटी त्यामुळेच अडते. त्याच्याजवळ कदाचित पाकिटात घालण्यासारखे काही नसते. कतारमधून आजारी होऊन परतलेला गवंडी, कुवेतमध्ये मालकाने पगार बुडवलेली मोलकरीण यांनाही त्याच रांगेत उभे राहायचे असते. सरकारचे नुकसान आपल्याला दिसत नाही, कारण सरकार दूर आहे. शेजाऱ्याचे नुकसान तरी दिसायला हवे. शेजाऱ्याविरुद्धच्या अपराधाची आज्ञा आपल्याला पाठ आहे. फक्त हा शेजारी आपल्या पाठीमागे उभा असतो, म्हणून त्याचा चेहरा दिसत नाही.

आता नाक्याच्या पलीकडे बसलेल्या माणसाविषयी. मराठी बायबलमध्ये ‘जकातदार’ हा शब्द आहे, आणि तो अगदी नेमका आहे. मत्तय कफर्णहूमजवळ जकातीच्या नाक्यावर बसला होता. जक्कय यरीहोचा मुख्य जकातदार होता. लोक या मंडळींचा तिरस्कार करीत, त्यांना पाप्यांच्या पंक्तीला बसवीत. योहान बाप्तिस्त्याकडे जकातदार आले तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. मत्तय नाका सोडून उठला. जक्कयाने नाका सोडल्याचा उल्लेख नाही. त्याने अर्धी संपत्ती गरिबांना दिली आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे वचन दिले. म्हणजे नाका हे पापाचे स्थान नव्हे. तेथे बसून न्यायाने वागता येते, आणि न्यायाने वागणारे अधिकारी आजही आहेत. आपल्या धर्मग्रामांतील मुले-मुलीही स्पर्धा परीक्षा देऊन अशा खुर्च्यांवर बसावीत, असे आपल्याला वाटते. त्यांना आपण काय शिकवून पाठवणार? ‘साहेब झालास, आता आपल्या माणसांची सोय बघ’, हेच जर शिकवणार असू, तर विमानतळावरच्या साहेबाला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

राज्यकर्त्यांचेही कर्तव्य आहे. संत थॉमस यांनी कायद्याची व्याख्या करताना त्यात प्रसिद्धीचा, म्हणजे तो लोकांना कळवण्याचा, समावेश केला आहे. लोकांना न कळवलेला कायदा हा त्यांच्या मते पुरता कायदाच नव्हे. सामान्य शिक्षण झालेल्या माणसाला स्वतःचा फॉर्म स्वतः भरता येत नसेल, वजनाची मर्यादा एक आणि किमतीची मर्यादा दुसरी सांगत असेल, तर तो कायदा राजपत्रात छापला गेला असूनही अर्धाच प्रसिद्ध झालेला असतो. उरलेला अर्धा दलालाच्या खिशात असतो. सोपा फॉर्म, भिंतीवर लावलेली स्पष्ट यादी, ठरलेल्या दिवसांत उत्तर, या गोष्टी केवळ सोयीच्या नाहीत. त्या न्यायाच्या आहेत.

मग परतणाऱ्याने करावे तरी काय? निघण्यापूर्वी सामानाची यादी आणि सापडतील तेवढ्या पावत्या जवळ ठेवाव्या, आणि त्या वेळचे नियम सरकारी कागदावरून वाचून घ्यावेत, कारण ते वरचेवर बदलतात. जाहीर करण्यासारखे काही असेल तर लाल मार्गानेच जावे. शुल्क परवडत नसेल तर कायद्याच्या ८० व्या कलमाची वाट आहे. ती वस्तू कस्टमकडे ठेवून घ्यावी आणि परदेशी परत जाताना आपल्याला द्यावी, अशी विनंती करता येते. पण ही सवलत खरे जाहीरपत्र देणाऱ्यालाच आहे, हे महत्त्वाचे. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागावी. निर्णय अन्यायाचा वाटला तर तो लेखी मागावा आणि साठ दिवसांच्या आत अपील करावे. हे सारे कटकटीचे आहे, यात शंका नाही. पण अशा प्रत्येक लेखी कागदाने पुढच्या माणसाचा रस्ता थोडासा मोकळा होतो.

आणि घरी वाट पाहणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. भाचा सुट्टीवर येतो म्हटले की आपल्या याद्या त्याच्याकडे जातात. कोणाला मोबाइल हवा असतो, कोणाला घड्याळ, कोणाला लग्नासाठी साखळी. ‘तुला कोण विचारतो? घाल बॅगेत’, असे आपण फोनवर सहज म्हणतो. त्या क्षणी आपण त्याच्यावर वस्तूंचे ओझे घालतो आणि असत्याचेही घालतो. नाक्यावर घाम त्याला फुटतो, सही त्याला करावी लागते, वस्तू मात्र आपल्या कपाटात येते. ज्याने वाळवंटात राबून आपले घर उभे केले, त्याच्या प्रामाणिकपणाची एवढी काळजी तरी आपण घ्यायला नको काय?

तेव्हा ‘कस्टम चुकवणे हे पाप आहे काय?’ या प्रश्नाला आमचे उत्तर ‘होय’ असे आहे. परंतु ते एकट्या प्रवाशाच्या माथी मारून आम्ही मोकळे होऊ इच्छित नाही. अडवून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचा, न समजणारे नियम लिहिणाऱ्यांचा आणि याद्या पाठवणाऱ्या आप्तांचाही त्यात वाटा आहे. प्रवाशाच्या हाती एवढेच आहे की त्याने आपल्या वाट्याचे खरे सांगावे, पावती घ्यावी आणि मागे उभ्या असलेल्याचा नंबर त्याच्यासाठी राहू द्यावा.